घेर, चुण्या आणि कळ्या

मावसबहिणीचं लग्न यवतमाळला आहे. त्यामुळे गेले तीन वीकेंड आमच्या घरी एकच विषय : लेहंग्याचा घेर. एक दुकानदार म्हणाला, "चार मीटर घेर आहे, चुण्यांचा." दुसरा म्हणाला, "त्यापेक्षा बारा कळ्यांचा घ्या." किमतीत बराच फरक. मावशीचं म्हणणं, दिसायला तर दोन्ही सारखेच! मी पडलो प्रोग्रॅमर. शब्दाची व्याख्या कळल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून हा उद्योग.

सुरुवात आपल्या मराठीपासूनच करू. साडी आपण 'नेसतो' आणि घागरा 'घालतो'. क्रियापद उगीच बदलत नाही. साडीला आकार अंगावर येतो, घागरा शिंप्याकडून आकार घेऊनच येतो. तसंच घड्यांचं. निरी हाताने घालायची; साडी सोडली की निऱ्या संपल्या, कापड पुन्हा सपाट. चुणी म्हणजे दोरा ओढून गोळा केलेलं कापड, त्यात घड्यांचं मोजमाप नसतं. मोजून, इस्त्री फिरवून, टीप मारून पक्की केली की ती प्लीट. (हल्ली लग्नात शिवलेली नऊवारी असते ना, तिच्या निऱ्या खरं तर प्लीट्सच म्हणायला हव्यात. ती नेसायची की घालायची यावर आमच्याकडे अजून एकमत नाही :-))

परकराच्या वरच्या पट्टीला नेफा म्हणतात. शब्द फारसीतून आलेला. नेफ्यातली नाडी ओढली की चुण्या आपोआप पडतात. शिवायला सगळ्यात सोपा प्रकार हाच.

मग कळ्या कशाला? इथे थोडं गणित. कंबर २८ इंच, घेर ४ मीटर म्हणजे साधारण १५७ इंच. तेवढं सगळं कापड कमरेशी आणायचं तर दर इंचात साडेपाच इंचांहून जास्त कापड कोंबावं लागतं. मलमल असेल तर खपून जातं. पण जरीचं कापड, त्याला अस्तर, म्हणजे पोटाभोवती वळकटीच! त्यावर तोडगा कळी, म्हणजे वर निमुळता आणि खाली रुंद असा तुकडा. १२ कळ्या घेतल्या तर प्रत्येकीची वरची बाजू सव्वादोन इंचांहून किंचित जास्त आणि खालची सुमारे १३ इंच. घेर तेवढाच, कमरेवर चुणी एकही नाही. कापड कापताना वाया जातं, १२ शिवणी वाढतात, पैसे त्याचे.

घेर फुगवायचा तर आतून आधार लागतो. राणी व्हिक्टोरियाने १८४०मध्ये लग्नात पांढरा गाउन घातला, त्या काळी आत पेटीकोटांचे थर असत. १८५६च्या सुमारास पोलादी कड्यांचा पिंजरा आला. त्याला क्रिनोलिन म्हणत. नाव मात्र आधीच्या, घोड्याच्या केसांच्या ताठ कापडाचं. आपल्या लेहंग्यात आतून जी जाळी लावतात तिचं 'कॅनकॅन' हे नाव पॅरिसच्या एकोणिसाव्या शतकातल्या नाचावरून आलंय. त्या नाचातले फुगीर पेटीकोट आठवा.

पण यवतमाळ जिल्ह्यात घेरदार घागरा काही बुटीकवाल्यांनी आणलेला नाही. पुसद, दिग्रस, दारव्हा या भागात बंजारा तांडे आहेत (माजी मुख्यमंत्री वसंतराव नाईक पुसदजवळच्या गहुलीचे). बंजारा बायकांचा चुण्यांचा घागरा म्हणजे फेटिया, आणि त्यावर पाठ उघडी ठेवणारी, नाड्यांनी बांधायची कांचळी. आत जाळी नाही की पिंजरा नाही. जाड सुती कापड, त्यावर आरसे आणि भरतकाम. घेर खाली पडतो तो स्वतःच्या वजनाने. बैलांवर धान्य आणि मीठ लादून मैलोनमैल चालणाऱ्यांचा हा पोशाख. चालताना पाय अडकू नये, ही त्याची पहिली अट असणार असं मला वाटतं.

१८६७ साली रेल्वे नागपूरला पोचली. जसजसे रूळ पसरले तसतसा बैलांच्या पाठीवरचा हा व्यापार संपला, तांडे स्थिरावले. फेटिया पुढे बराच काळ टिकला. आता तो बहुतेक आज्यांच्या अंगावर दिसतो किंवा सणासमारंभाला बाहेर निघतो. एरवी तरुण मुली साडी नाहीतर ड्रेस वापरतात. जुन्या बंजारा भरतकामाचे तुकडे कापून पिशव्या आणि उशांचे अभ्रे करतात, ते शहरांतल्या दुकानांत चांगल्या भावाने विकले जातात. तुमच्याकडे अशी एखादी पिशवी असेल तर आतून उलटी करून बघा. एखाद्या कडेला चुण्यांच्या टाक्यांची रांग राहिलीही असेल.