सोपारा : दोन नद्यांमधला धम्माचा वारसा

उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला उल्हास नदीची खाडी. यांच्यामधले आजचे नालासोपारा म्हणजे अपरांताचे प्राचीन बंदर शूर्पारक. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी येथील 'बुरुड राजाचा कोट' उकरला, तेव्हा स्तूप उजेडात आला. आत दगडी पेटी, आठ कांस्यमूर्ती आणि सोन्याच्या करंडकात भिक्षापात्राचे तुकडे होते. हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेले.

सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा त्याच वर्षी सोपाऱ्यात, तर नवव्याचा १९५६ मध्ये भुईगावला सापडला. आठवा लेख शिकारीऐवजी धम्मयात्रा आणि लोकांची भेट सांगतो. नववा कर्मकांडापेक्षा दास-सेवकांशी नीट वागण्याला मोठे मानतो. स्तूपाला वंदन करणाऱ्या तरुणांनी हे दोन्ही लेख वाचून वस्तीत समजावून सांगावेत. लोकांना ठाऊक असलेला वारसाच टिकतो.