टेंभलीचा अंगठा आणि दूरचा सर्व्हर

नंदुरबारचा कारभार बहुतेक काळ दुरूनच चालला. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त नंदुरबार हे माळवा सुभ्यातले एक 'सरकार' आहे. इंग्रजी अमलात ते खानदेशात होते आणि जिल्ह्याची कचेरी धुळ्याला. १ जुलै १९९८ रोजी स्वतंत्र जिल्हा होईपर्यंत अक्राणी-अक्कलकुव्याच्या माणसाला कलेक्टर कचेरीसाठी धुळेच गाठावे लागे.

पुढे याच जिल्ह्यात दूरच्या कारभाराचा नवा अध्याय सुरू झाला. २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात रंजना सोनवणे यांना देशातला पहिला आधार क्रमांक मिळाला. आता अंगठा इथे लागतो आणि तो पडताळणारे सर्व्हर बंगळुरू व मानेसरला असतात.

हे सर्व्हर सांभाळणारेही सहसा त्यांच्यासमोर बसत नाहीत. पूर्वी यंत्राला जोडलेल्या पडदा-कीबोर्डवर, म्हणजे कन्सोलवर बसून काम चाले. टेलनेट आल्यावर ते दुरून होऊ लागले, पण पासवर्ड तारेतून उघडाच जाई. हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठात असे पासवर्ड चोरले गेले, तेव्हा १९९५ मध्ये तातू युलोनेन यांनी एसएसएच तयार केले. त्यात सारी देवाणघेवाण कुलूपबंद असते. आज जगभरचे सर्व्हर बहुतांशी त्यावरच चालवले जातात.

मात्र नेटवर्कच तुटले की दुरून काहीच करता येत नाही. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी देखभालीच्या एका चुकीच्या आज्ञेने फेसबुक आणि व्हॉट्सॲप सुमारे सहा तास बंद पडले. इंजिनिअरांना दुरून आत शिरता येईना. शेवटी माणसे डेटा सेंटरमध्ये गेली आणि यंत्रापुढे उभी राहिली, तेव्हा काम सुरू झाले. म्हणून जाणकार कन्सोलची वाट कधीच बंद करत नाहीत.

रेशन दुकानातही अशी वाट हवी. कष्टाने बोटांच्या रेषा झिजतात, डोंगरात रेंज जाते, आणि यंत्र 'नाही' म्हणते. अंगठा जुळला नाही म्हणून धान्य नाकारू नये, असे केंद्राने ऑक्टोबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले आहे. अशा वेळी दुकानातली नोंदवही हाच गरिबाचा कन्सोल असतो. दुकानदाराने ती उघडलीच नाही, तर सातपुड्यातल्या म्हातारीने दाद मागायला बंगळुरूला जायचे का? आपल्या गावच्या दुकानात ती वही आहे का, हे आपण विचारायला हवे.