आकाशातल्या रेघांची साक्ष

निरभ्र सकाळी खूप उंचावरून विमान जाते आणि त्याच्यामागे पांढरी रेघ उमटत जाते. अंगणातली पोरे ओरडतात, "बघा, विमानानं धूर सोडला!" पण श्रोतेहो, तो धूर नव्हे. एक किलो इंधन जळले की सुमारे सव्वा किलो पाण्याची वाफ होते. वरच्या हवेत उणे ४० अंशांच्या आसपास थंडी असली, की ती वाफ गोठून तिचे हिमकण होतात. हवा कोरडी असेल तर रेघ घटकेत विरते. दमट असेल तर पसरून तासन्‌तास ढगासारखी राहते.

या रेघांना इतिहासात जागा मिळाली ती १९४० साली. १० जुलै ते ३१ ऑक्टोबरपर्यंत दक्षिण इंग्लंडच्या आकाशात जर्मन आणि ब्रिटिश विमाने झुंजत होती. खालून लोकांनी कॅमेरे वर रोखले. त्या छायाचित्रांत विमाने बहुधा दिसतच नाहीत. दिसतात त्या नुसत्या रेघा, गुंतलेल्या, वळसे घेतलेल्या. पाहायला मोठ्या सुंदर. पण एखादी रेघ मध्येच का संपली? वैमानिक उबदार हवेत उतरला, घरी वळला, की कोसळला? चित्र ते सांगत नाही. त्या झुंजीत ब्रिटिश लढाऊ दलाचे ५४४ वैमानिक आणि त्यांचे साथीदार मेले, एवढे मात्र नोंदींवरून कळते.

गंमत बघा, कॅमेरा घेऊन उडणाऱ्यांना हीच रेघ वैरीण होती. टेहळणीच्या स्पिटफायर विमानांत कॅमेरे असत, बंदुका नसत. मागे रेघ उमटली की शत्रूला पत्ता लागलाच! म्हणून वैमानिक आरशात मागे पाहत राही आणि रेघ दिसताच उंची बदली.

आणखी एक साक्ष फार उशिरा मिळाली. ११ मे १९४४ रोजी सकाळी आग्नेय इंग्लंडमधून १,४०० हून अधिक विमाने उडाली. त्यांच्या रेघा पसरून आभाळ झाकोळले. २०११ साली संशोधकांनी त्या दिवसाच्या हवामानाच्या जुन्या नोंदी तपासल्या. जिथे रेघा दाटल्या होत्या तिथे सकाळचे तापमान शेजारच्या भागापेक्षा सुमारे ०.८ अंश सेल्सिअसने कमी चढले होते. म्हणजे माणसाच्या विमानांनी एका सकाळचे ऊनही अडवले होते.

हे कळले कसे? युद्धाच्या धामधुमीतही कुणी तरी वेळच्या वेळी तापमापक वाचून आकडा वहीत उतरवला होता, म्हणून. तेव्हा तुम्हीही अशा रेघेचे छायाचित्र घ्याल, तर त्याबरोबर गाव, तारीख आणि वेळ लिहून ठेवा. रेघ विरून जाते; नुसते चित्र मुके राहते. त्याला बोलते करते ती दोन ओळींची नोंद.