चुट भाषासमूह : डोंगरातल्या पाच समाजांची बोली

चुट हा व्हिएतनाममधील ५४ अधिकृत वांशिक गटांपैकी एक लहान गट. मात्र या एका नावाखाली साक, माय, रूक, आरेम आणि मा-लिएंग असे पाच समाज मोजले जातात. त्यांची वस्ती मध्य व्हिएतनाममधील पूर्वीच्या क्वांग बिन्ह प्रांतातील (२०२५ पासून क्वांग त्री) चुनखडीच्या डोंगरांत व शेजारच्या हा तिन्ह प्रांतात आहे. सीमेपलीकडे लाओसमध्येही त्यांचे भाईबंद राहतात.

या भाषा ऑस्ट्रोएशियाटिक कुळाच्या व्हिएटिक शाखेतल्या, म्हणजे बहुसंख्याकांच्या व्हिएतनामीच्या सख्ख्या बहिणी. आपल्या मेळघाटातली कोरकू याच कुळाच्या मुंडा शाखेतली. व्हिएतनामीत डोळ्याला 'मत' म्हणतात, कोरकूत 'मेड'; नाते इतके जुने आहे.

आज व्हिएतनामी भाषेत एकेका अवयवाचे शब्द आहेत आणि सूर बदलला की अर्थ बदलतो. पण ती पूर्वीपासून अशी नव्हती. शब्दांच्या शेवटची काही व्यंजने गळाली आणि त्यांच्या जागी सूर आले, असे फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ ओद्रिकूर यांनी १९५४ मध्ये मांडले. या बदलाच्या खुणा चुट भाषांत अजून सापडतात. कोंबडीला व्हिएतनामीत 'गा', तर रूक भाषेत 'रका'. व्हिएतनामीतून गळालेला पहिला अवयव रूकने राखला आहे. आरेम भाषेत तर व्हिएतनामीसारखी सुरांची व्यवस्थाच उभी राहिलेली नाही. ज्यांना मागासलेले म्हटले जाते, त्यांच्याच तोंडी बहुसंख्याकांच्या भाषेचा इतिहास टिकून आहे.

रूक लोक गुहांत आणि जंगलात राहत. १९५९ मध्ये सीमासुरक्षा दलाच्या जवानांशी त्यांची गाठ पडली आणि पुढे त्यांना खाली वसाहतीत आणले गेले. घरे, शाळा, दवाखाने मिळाले, हे नाकारता येत नाही. पण शाळेची भाषा व्हिएतनामी, बाजाराची आणि कचेरीचीही तीच. आरेम समाजाची वस्ती आज फाँग न्या-के बांग राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात आहे. २००३ पासून हे उद्यान जागतिक वारसा आहे.

२०१९ च्या जनगणनेत चुट लोकसंख्या ७,५१३ भरली. २००९ मध्ये ती ६,०२२ होती. आकडा वाढला म्हणजे भाषा वाचली, असे मात्र नाही. जनगणना माणसे मोजते; घरात मुलांशी कोणत्या भाषेत बोलले जाते, हे त्या आकड्यात दिसत नाही. पाच समाज एकाच नावाखाली मोजले, तर त्यातली एखादी भाषा बंद पडली तरी बेरीज वाढतच राहील. युनेस्कोने आरेमला अतिसंकटग्रस्त भाषांत गणले आहे.

व्हिएतनामच्या २०१३ च्या संविधानातील पाचवे कलम प्रत्येक वांशिक गटाला स्वतःची भाषा व लिपी वापरण्याचा हक्क देते. पण ज्या भाषेला रूढ लिपी नाही आणि शाळेत जागा नाही, तिच्यासाठी तो हक्क कागदावरच राहतो. तो वर्गापर्यंत न्यायचा, तर आधी या पाचही समाजांची वेगळी नोंद व्हायला हवी.