कॅन्ससचा गुलामगिरीविषयक संघर्ष (१८५४–६१)

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कॅन्सस प्रदेशास घटक राज्याचा दर्जा देताना तेथे गुलामगिरी असावी की नसावी, या प्रश्नावरून माजलेला आणि पुढील यादवी युद्धाची नांदी ठरलेला राजकीय व सशस्त्र कलह. १८२० च्या मिसूरी तडजोडीने ३६° ३०′ अक्षांशाच्या उत्तरेकडील पश्चिम मुलखात गुलामगिरीस मज्जाव केला होता. तो सिनेटर स्टीफन डग्लस याने पुढाकार घेऊन संमत करविलेल्या मे १८५४ च्या कॅन्सस–नेब्रास्का कायद्याने रद्द होऊन हा निर्णय तेथील वसाहतवाल्यांच्या बहुमतावर सोपविण्यात आला. ज्यांच्या दास्याविषयी हा कौल घ्यावयाचा, त्यांना अर्थातच मताधिकार नव्हता.

मार्च १८५५ मध्ये प्रादेशिक कायदेमंडळाची निवडणूक झाली, तेव्हा शिरगणतीप्रमाणे २,९०५ मतदार असता, सरहद्दीपलीकडील मिसूरीतून आलेल्या हत्यारबंद टोळ्यांच्या कृपेने सहा हजारांवर मते पडली. अशा रीतीने निवडून आलेल्या मंडळाने गुलामांना बंडास चिथावणाऱ्यास देहान्त शिक्षा फर्माविली. विरोधकांनी टोपीका येथे स्वतःची संविधानसभा भरविली खरी; परंतु त्यांनीही मुक्त कृष्णवर्णीयांना प्रदेशात येण्यास बंदी करण्याच्या बाजूने मत दिले, हे त्यांचा गौरव करताना बहुधा विसरले जाते. मे १८५६ मध्ये विरोधकांचे लॉरेन्स गाव गुलामगिरीवाद्यांकडून लुटले गेले आणि तीनच दिवसांनी कट्टर गुलामगिरीविरोधक जॉन ब्राउनच्या माणसांनी पॉटावाटोमी खाडीकाठी पाच जणांना ठार केले.

खरा पेच मात्र लेकॉम्प्टन संविधानाचा होता. ऑक्टोबर १८५७ च्या कायदेमंडळ-निवडणुकीत ऑक्सफर्ड या मोजक्या घरांच्या वस्तीतून १,६२८ मतांची यादी सादर झाली. तीतील नावे सिनसिनाटी शहराच्या नामसूचीतून उतरून काढलेली असल्याचे उघडकीस येताच गव्हर्नर वॉकरने ती रद्द केली. तथापि लेकॉम्प्टन येथे भरलेल्या गुलामगिरीवाद्यांच्या संविधानसभेने जनमतास टाकलेला मसुदाच असा बेतला होता की, मतदाराने ‘गुलामगिरीसह’ अथवा ‘गुलामगिरीविना’ एवढेच निवडावे. संविधान समूळ फेटाळण्याची सोयच नव्हती, आणि दुसरा पर्याय घेतला तरी तेथे आधीच असलेले गुलाम गुलामच राहणार होते. विरोधकांनी डिसेंबरच्या या मतदानावर बहिष्कार घातला आणि ४ जानेवारी १८५८ रोजी झालेल्या स्वतंत्र मतदानात दहा हजारांवर मतांनी ते संविधान धुडकावले.

एवढे होऊनही राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन याने त्यास मान्यता मिळावी म्हणून सारे वजन खर्ची घातले. सिनेटने ते संमत केले. पण डग्लसनेच त्यास कडाडून विरोध केल्याने डेमोक्रॅटिक पक्षात फूट पडली, प्रतिनिधिगृहाने ते अडविले आणि ऑगस्ट १८५८ च्या फेरमतदानात ते ११,३०० विरुद्ध १,७८८ मतांनी निकालात निघाले. गुलामगिरीस बंदी करणारे वायंडॉट संविधान १८५९ मध्ये तयार झाले; दक्षिणेची राज्ये फुटून त्यांचे सिनेटर निघून जाऊ लागल्यावर त्याची वाट मोकळी झाली आणि २९ जानेवारी १८६१ रोजी कॅन्सस चौतिसावे राज्य बनले. १८६० च्या शिरगणतीत तेथे अवघे दोन गुलाम नोंदलेले होते.