माइट : एका क्षुद्र जीवाच्या शोधाचा इतिहास



गुरांच्या अंगावरील गोचीड आपण सर्वांनी पाहिली आहे. तिच्याच कुळातले, पण तिच्याहून कितीतरी बारीक असे असंख्य जीव पृथ्वीवर आहेत. त्यांना माइट म्हणतात. त्यांपैकी काहींना आपले शेतकरी लाल कोळी या नावाने ओळखतात. बहुतेकांना आठ पाय असतात आणि लांबी एक मिलिमीटरहूनही कमी असते. पीठ, गादीतली धूळ, झाडाची पाने, रानातली माती, मधमाशी, इतकेच काय माणसाचा चेहरा, सर्वत्र त्यांची वस्ती आहे. आजवर त्यांच्या पन्नास हजारांहून अधिक जातींची नोंद झाली असून प्रत्यक्षात त्या कित्येक पटींनी जास्त असाव्यात, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. या जाती केव्हा, कोठे आणि कोणाला सापडल्या हा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

माणसाने प्रथम दखल घेतली ती त्याला छळणाऱ्या माइटची. दहाव्या शतकात तबरिस्तानचे हकीम अबुल हसन अहमद अत्-तबरी यांनी आणि बाराव्या शतकात अंदलूसमधील सेव्हिल नगरीचे थोर हकीम इब्न जुहर यांनी खरजेच्या जीवाचा उल्लेख केला आहे. कातडी सोलली असता डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा प्राणी बाहेर येतो, असे इब्न जुहर यांनी नमूद केले. त्यांच्यापाशी सूक्ष्मदर्शक नव्हता. बारकाईने पाहण्याची सवय आणि पाहिलेले लिहून ठेवण्याची शिस्त मात्र होती.

या पूर्वसूरींचा आपल्याला अभिमान वाटतो, तो रास्तच आहे. परंतु पुढे काय घडले तेही पाहिले पाहिजे. या निरीक्षणाला भिंगाची जोड मिळाली ती पाचशे वर्षांनी, इटलीत. १६८७ साली बोनोमो आणि चेस्तोनी या दोघांनी हा जीव सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्याचे चित्र काढले आणि खरूज याच्यामुळेच होते असे प्रसिद्ध केले. तरी बहुसंख्य वैद्यांना ते पटले नाही. १७५८ साली स्वीडनच्या लिनियसने प्राण्यांना शास्त्रीय नावे दिली, तेव्हा पिठातला माइट आणि खरजेचा माइट त्याने एकाच जातीत घातले. १८१२ साली पॅरिसमध्ये गालेस नावाच्या विद्यार्थ्याने खरजेचा जीव म्हणून जे चित्र छापले, ते पुढे पिठा-चीजमधल्या माइटचे निघाले, आणि असा जीवच नसतो असे पंडित म्हणू लागले. अखेर १८३४ साली रेनुच्ची या कॉर्सिका बेटावरच्या विद्यार्थ्याने पॅरिसच्या रुग्णालयात सर्वांसमक्ष सुईच्या टोकाने तो जीव काढून दाखविला. ही युक्ती त्याने आपल्या बेटावरील खेडूत बायांकडून पाहिली होती. बायाबापड्यांना जे ठाऊक होते, ते राजधानीतल्या विद्वानांना एका विद्यार्थ्याने शिकविले!

पुढचा टप्पा साधनाचा. विसाव्या शतकाच्या आरंभी इटलीच्या अंतोनियो बर्लेसे यांनी मातीतले जीव वेगळे काढण्यासाठी एक नरसाळे वापरात आणले. जाळीवर ओली माती व कुजका पाला ठेवायचा आणि वरून ऊब द्यायची. माती सुकू लागली की आतले जीव ओलाव्याच्या शोधात खाली सरकतात आणि बाटलीत पडतात. इतक्या साध्या उपायाने जी माती निर्जीव भासत होती तिच्यातून शेकडो माइट बाहेर पडू लागले, आणि नव्या जातींची रीघ लागली.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे जाणकार माणूस. आपल्या कोकणात नारळाच्या कोवळ्या फळांवर तपकिरी चट्टे पडतात, फळ खुरटते व गळते. हा उपद्रव ज्या माइटचा, त्याला शास्त्रीय नाव मिळाले १९६५ साली, अमेरिकेच्या कीफर यांच्याकडून, मेक्सिकोतील गेरेरो प्रांतातल्या नमुन्यांवरून. हाच माइट १९९८ साली केरळात आढळला, तेव्हा त्याची ओळख पटविणे शक्य झाले ते त्या जुन्या नोंदीमुळे. माणसाच्या चेहऱ्यावरील केसांच्या मुळाशी राहणाऱ्या माइटचे वर्णन १८४२ साली झाले. पण तेथे दोन निराळे प्रकार आहेत हे अकबुलातोव्हा या सोव्हिएत संशोधिकेने दाखविले १९६३ साली. एकशेवीस वर्षे मनुष्याला स्वतःच्या चेहऱ्यावरचे भाडेकरू नीट मोजता आले नाहीत! मधमाश्यांच्या पोळ्यांचा संहार करणारा माइटही असाच अनेक वर्षे जावामधील १९०४ सालच्या एका जातीच्या नावाने ओळखला जात होता. तो वेगळा आहे हे २००० साली सिद्ध झाले. शत्रूचे नावच चुकले, तर त्याच्याविषयीची सारी माहिती चुकीच्या खात्यात जमा होते.

आता या इतिहासाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. आरंभी नव्या जाती युरोपातून येत होत्या. युरोपच्या मातीत जीव अधिक होते असे नव्हे. पाहणारे तेथे अधिक होते. अलीकडे चीन, ब्राझील, इराण येथून अनेक नव्या जाती नोंदविल्या जात आहेत. इराणच्या संशोधकांनी तर २०१२ पासून या विषयाचे स्वतंत्र नियतकालिक चालविले आहे. सूक्ष्म जीव तेथे पूर्वीही होतेच. तयार झाली ती पाहणारी माणसे. आपल्याकडेही कालिकत आणि बंगळूर येथे या विषयाचे चांगले काम झाले आहे.

म्हणून पालकहो, मुलगा असो की मुलगी, तिने किंवा त्याने मातीत, पानावर, धान्यात काही टिपून पाहिले तर "हा काय नसता उद्योग" असे म्हणू नका. आणि विद्यार्थी मित्रहो, इब्न जुहर आमचे होते एवढे सांगून भागत नाही. त्यांच्यासारखे पाहणे आणि लिहिणे आपण केले, तरच तो वारसा आपला. एक नरसाळे, एक चाळणी, एक दिवा आणि एक बाटली एवढे साहित्य कोणत्याही शाळेत जमते. शाळेच्या आवारातल्या झाडाखालची मूठभर माती घ्या, शिक्षकांच्या देखरेखीखाली प्रयोग करा, भिंगातून पाहा, चित्र काढा, आणि खाली तारीख व ठिकाण लिहायला विसरू नका.