रताळ्याचें कुळ

आषाढी आणि कार्तिकी एकादशी जवळ आली म्हणजे नाशिकच्या भाजीबाजारांत तांबड्या सालीच्या रताळ्यांचे ढीग लागतात, आणि आमच्या गंगापूर रोडवरील घराघरांतून गुळांत मुरणाऱ्या चकत्यांचा वास सुटतो. पदार्थ इतका आपला, कीं त्याचें कुळ विचारण्याचें कोणास सुचत नाहीं. आम्हांस तें एकदां सुचलें, आणि त्याचें प्रायश्चित्त दुसऱ्याच कोणास घ्यावें लागलें.

रताळें मूळचें अमेरिकेंतलें. १४९२ सालीं कोलंबस त्या बाजूस पोहोंचल्यावर तें स्पॅनिश व पोर्तुगीज गलबतांतून दूरदूर गेलें. १५१० सालीं पोर्तुगीजांनीं गोवें घेतलें. आपल्याकडे तें त्यांच्याच हातून आलें असें अभ्यासक मानतात. खरी गंमत आहे ती नांवाची. कॅरिबियन बेटांवरील लोकांचा ‘बटाटा’ हा शब्द रताळ्याचाच होता. पोर्तुगीजांनीं तो उचलला, आणि पुढें अँडीज पर्वतांतून आलेल्या निराळ्याच कंदासही तो चिकटला. मराठींत या मागाहून आलेल्या पाहुण्यानें नांव पटकावलें, आणि ज्याचें तें होतें त्यास आपण संस्कृत ‘रक्तालु’ची वस्त्रें नेसविलीं! जुने आलुक म्हणजे कोनफळ, गोराडू यांच्या जातीचे देशी कंद. त्यांच्या घराण्यांत हा परका दत्तक गेला. उपवासाच्या ताटांतले शेंगदाणे, मिरची, आणि ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तोही, सारे त्याच खंडांतले. शास्त्रानें धान्य वर्ज्य केलें. जे कंद त्यास ठाऊकच नव्हते, त्यांविषयीं तें काय बोलणार?

आमच्या वडिलांच्या आत्या आमच्याच घरीं असत. अल्पवयांत वैधव्य आलेलें. नानासाहेब पेशव्यांच्या पत्नी गोपिकाबाई यांनीं उत्तरायुष्य याच वाटेवरील गंगापुरांत काढलें, त्याचा आत्याआजींना मोठा अभिमान, आणि एकादशीही तशीच कडक. बटाटा ‘विलायती’ म्हणून त्यांना चालत नसे. साखरही नको. १९०५ च्या स्वदेशी चळवळींत, हाडांच्या कोळशानें शुद्ध केलेली म्हणून परदेशी साखर त्यांच्या माहेरीं बंद झाली, ती कायमची. पुढें १९३३ मध्यें वालचंद हिराचंदांनीं आपल्याच जिल्ह्यांत रावळगांवची साखर कंपनी काढली, तरी त्यांचा गूळ सुटला नाहीं. वर्षभरांत त्यांच्या वाट्यास येणारें गोड म्हणजे या चकत्या.

त्या करीत तशा चकत्या पुढें आम्हीं कोठें खाल्ल्या नाहींत. रताळीं सोलून बोटभर जाडीच्या चकत्या, साजूक तुपांत परतलेल्या. मग पाण्याचें झांकण ठेवून अगदीं मंद आंच. घाई केलेली त्यांना खपत नसे. मंद आंचेवर कंदांतील पिठूळपणाची आपोआप साखर होते, हें रसायनशास्त्र आम्हीं पुढें वाचलें. गूळ मात्र चकत्या पुरत्या शिजल्यावरच. आधीं घातला तर त्या चिवट राहतात. शेवटीं वेलदोड्याची पूड, आणि पाक चकतीस धरला कीं पातेलें खालीं.

आम्ही बी. ए. झालों त्या वर्षीच्या आषाढींत, नव्या विद्येच्या तोऱ्यांत, पानावर बसल्या बसल्या आम्हीं हें सारें कुळ त्यांना ऐकविलें. “आत्याआजी, बटाटा विलायती ना? मग हें त्याचें थोरलें भावंड!” सगळे हंसले. त्याही हंसल्या. “असें होय?” एवढेंच म्हणून त्यांनीं वाटी बाजूस सारली.

त्यानंतर सहा वर्षें त्या होत्या. प्रत्येक एकादशीला चकत्या त्यांनींच केल्या, चवीकरितां जिभेवरही न ठेवतां, आणि त्या कधीं बिघडल्या नाहींत. स्वतः दुधावर राहिल्या. चारशें वर्षें या मातींत रुजलेल्या कंदास परका म्हणणें हेंच चुकीचें, आणि तसें पाहिलें तर रोजच्या आमटींतली मिरचीही टाकावी लागेल, हा युक्तिवाद आम्हांस तेव्हां सुचला नाहीं असें नाहीं. सुचला, पण आपलें म्हणणें मागें घेण्याची लाज वाटली.

आतां घरांत आम्हीच चकत्या करतों. गूळ शेवटीं घालतों.